आजोबांचा डावा हात

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सकाळीच ताईचा फोन. "तुझ्यासाठी काम आणलंय. आता तरी त्या ससुल्यांतून बाहेर पड."

ससुले म्हणजे माझं पोटापाण्याचं काम. मुलांच्या पुस्तकांसाठी मी जलरंगात ससे, खारी आणि ढगावर झोपलेली बाळं रंगवते. इतकी वर्षं रंगवलीत की आता गुलाबी रंगाची नळी उघडली तरी तोंडात पाणी जमतं, आणि ते ओकारीच्या आधी जमतं तसलं असतं.

काम असं आहे. मुंगी, म्हणजे ताईची आठ वर्षांची मुलगी आणि माझी एकुलती एक भाची, एका नाटकात काम करते. त्या नाटकाचं आता पुस्तक निघणार आहे. त्यात मधोमध दोन पानांवर पसरलेलं एक मोठं चित्र हवंय. प्रसंग ठरलेला आहे: पलंगावर आजोबा, दुलईत तीन नातवंडं, आजोबा गोष्ट सांगतायत आणि धाकटीच्या गालावरून एक थेंब ओघळतोय. धाकटी म्हणजे आमची मुंगी. तो थेंब म्हणे फार गाजलाय. जाहिरातीतही तोच आहे. लोक तेवढ्यासाठी पुन्हा तिकीट काढतात, असं ताई म्हणाली आणि म्हणताना तिचाच आवाज ओला झाला.

"तू एकदाही बघायला आलेली नाहीस. सख्खी मावशी ना तू?"

हो म्हणाले. ताईला नाही म्हणायला मला आजवर जमलेलं नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

दुपारचा प्रयोग बघून आले. अंघोळ केली, तरी अंगावर काहीतरी चिकट राहिल्यासारखं वाटतंय.

नाटक म्हणजे साखरेचा पाक. आजोबा गोड, मुलं गोड, पलंग गोड, खिडकीतला चंद्र तर चाटून बघावा इतका गोड. गोष्ट एका अस्वलाची. त्याची सावली म्हातारी होते आणि एके दिवशी म्हणते, "मी आता तुझ्याबरोबर येत नाही." आजोबा हे वाक्य बोलतात, जरा थांबतात, आणि मुंगीच्या डोळ्यांतून थेंब पडतो. खरा. रडण्याचा आव नाही, खरं पाणी. नळाची चावी फिरवावी तसा. सगळ्या नाट्यगृहात नाकं शिंकरल्याचे आवाज. माझ्या शेजारच्या बाईंनी माझाच हात दाबला, ओल्या रुमालासकट.

नंतर ताई मला आत घेऊन गेली. आजोबांचं काम करणारे गृहस्थ फार मोठे नट आहेत, सगळे त्यांना सर म्हणतात. चिकटवलेल्या दाढीत बिस्किटाचा चुरा अडकला होता. आवाज मधात बुडवून काढलेला. "अरे वा, चित्रकार मावशी!" म्हणत त्यांनी माझा गालगुच्चा घेतला. पंचेचाळीस वर्षांच्या बाईचा! तळहात गरम आणि दमट. घरी येईपर्यंत मी ओढणीने गाल पुसत होते.

मुंगी एका कोपऱ्यात पाणी पीत उभी होती. एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचा स्वेटर. "रंगमंचावरून आली की थंडी वाजते तिला," ताई म्हणाली. मी जवळ घ्यायला गेले तर अंग चोरून बाजूला झाली. नटी झालीय लेक, मावशी कशाला आठवेल!

रविवार, ९ फेब्रुवारी

आज विंगेत स्टूल टाकून रेखाटनं केली. विंगेत धूळ, जुन्या पडद्यांचा कुबट वास आणि दिग्दर्शकाच्या घशाच्या गोळ्यांचा वास. बारीक, घाबरट माणूस आहे, सतत एक गोळी चघळत असतो.

चित्राचं एक अडलंय. आजोबांचा उजवा हात हवेत असतो, अस्वल, झाड, नदी सगळं दाखवत. पण डावा हात कुठे असतो? मोठी दोन मुलं उजवीकडे आणि मुंगी एकटी डावीकडे. हात दिसला नाही तर खांदा काढता येत नाही. खांदा चुकला की माणूस लाकडाचा होतो.

"डावा हात कुठे ठेवतात ते?" मी दिग्दर्शकाला विचारलं.

"दुलईत," तो म्हणाला. "थंडीचा सीन आहे ना." आणि लगेच दिवेवाल्याशी बोलायला निघून गेला. एवढी काय घाई होती कोण जाणे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

दोन कागद फुकट गेले. कागद भिजवून, पट्टीने ताणून, पिवळ्या रंगाचा पहिला थर इतका छान बसला होता की मला वाटलं, या वेळी जमणार. पण दुलई जमत नाही. मी रेखाटनात जशी पाहिली तशी काढतेय, तर चुण्या सगळ्या मुंगीच्या दंडाकडे ओढल्यासारख्या येतात, आत कुणीतरी मूठ आवळल्यासारख्या. पाहिलेलं काढलं की चूक दिसतं आणि मनाने काढलं की खोटं दिसतं. शेवटी चुण्या पुसट केल्या. आता दुलई उकडलेल्या बटाट्यासारखी दिसतेय.

आजोबांचे गाल लाल केले. प्रकाशकांनी तसं सांगितलंय, "जरा गुबगुबीत, जरा प्रेमळ." शिसारी आली. माझी मलाच.

काम करताना आमचं लहानपण आठवत होतं. आम्हाला कुणी आजोबा नव्हते गोष्टी सांगायला, ताईच सांगायची. एका पांघरुणात आम्ही दोघी. विहिरीतल्या बाईची गोष्ट होती तिची. ती बाई रोज एक पायरी वर चढायची. मी "पुरे" म्हणाले तरी ताई थांबायची नाही, मला रडू फुटेपर्यंत सांगायची. मग मला घट्ट धरायची, पापे घ्यायची, "माझं बाळ ते" म्हणायची. तेवढी माया मला नंतर कुणीच लावली नाही. या पाकातल्या नाटकापेक्षा ते किती खरं होतं!

शनिवार, १५ फेब्रुवारी

प्रयोगाला गेले नाही. सर्दी. विंगेतली धूळ बाधली.

बुधवार, १९ फेब्रुवारी

ताईला म्हटलं होतं, मुंगीला शाळेनंतर तासभर बसायला पाठव. दुलईचा गुंता सोडवायचा होता. आली. सरबत प्यायली, माझ्या रंगांच्या वाट्यांत बोटं बुडवली, जरा जरा पूर्वीसारखी बोलायला लागली. मग मी तिला पलंगावर बसवलं, दुलई घेतली, समोर आरसा लावला आणि आजोबांच्या जागी मीच बसले. मला आरशात माझा खांदा बघायचा होता, दुसरं काही नाही.

चुण्या जुळेनात. म्हणून मी हात दुलईच्या आत घातला आणि चुण्या जिथे ओढल्या जातात तिथे नेला. तो तिच्या दंडावर गेला. आतल्या बाजूला, काखेच्या खाली. आरशात पाहिलं तर दुलई अगदी बरोबर, खांदा बरोबर, रेखाटनाशी रेघ न् रेघ जुळत होती. मला इतका आनंद झाला की गमतीने मी सरांच्या आवाजात म्हणाले, "आणि सावली म्हणाली, मी आता तुझ्याबरोबर येत नाही."

मुंगीने डोळे मिटून घेतले. दात आवळले. मग हळूच म्हणाली, "मावशी, हळू हं. आज तिथं दुखतंय."

मी बाही वर केली.

काय होतं ते मी लिहिणार नाही. रंग माझे रोजचे आहेत. जांभळा, हिरवट पिवळा, कडेला तपकिरी, ताज्या डागावर जुना डाग, ओल्या कागदावर पसरतो तसा. मी ते रंग तिथे बघायला नको होते.

"रोज?" मी विचारलं.

"शनिवारी-रविवारी," ती म्हणाली. "सर म्हणतात, मला आपलं आपण रडायला यायला लागलं की मग करणार नाहीत. पण मला येतच नाही." आणि ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मुलं पाढे न आल्यावर बघतात.

मोरीत जाऊन ओकले. खरोखर.

गुरुवार, २० फेब्रुवारी

ताईकडे गेले होते. वाटलं होतं, ऐकल्यावर ती खुर्चीतून उडेल, चप्पल घालून त्या माणसाच्या दारात जाईल.

ती भाजी चिरत होती. सुरी थांबली नाही.

"तुला कुणी सांगितलं?"

म्हणजे तिला माहीत होतं.

"ताई, दंड बघितलास का तिचा?"

"मलम लावते मी रोज. चिमटा आहे, जगबुडी नाही. सरांनी मला आधी विचारलं होतं, चोरून काही केलेलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाने आपल्या पोरीला हाताशी धरलंय. लोक ओळखतात तिला रस्त्यात."

"तिला आवडतं का?"

"आवडायचा काय प्रश्न? शाळा आवडते? इंजेक्शन आवडतं?" आता ती माझ्याकडे वळली. "तुला मूलबाळ नाही, तुला नाही कळायचं. मला संधी मिळाली असती ना, तर मी चिमटेच काय, चटके सोसले असते."

मी बोलायला तोंड उघडलं आणि बंद केलं. पंचेचाळीस वर्षं हेच करत आलेय. तिने मला चहा दिला. तो मी प्यायला, याची मला आता जास्त लाज वाटतेय. कप पण विसळून ठेवला.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सकाळी रागाच्या भरात एका बैठकीत चित्र काढलं. तोच पलंग, तीच मुलं, आणि दुलई नाही. आजोबांचा उजवा हात चंद्राकडे आणि डावा जिथे असतो तिथे. खांदा सुंदर आलाय. इतकं खरं चित्र मी कधी काढलेलं नाही आणि त्याच्याकडे बघवत नाही.

ते घेऊन प्रयोगाच्या आधी दिग्दर्शकाकडे गेले. त्याने बघितलं, गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"आईची संमती आहे," तो म्हणाला. "मी स्वतः कधी बघितलेलं नाही."

"तुम्ही रोज विंगेत उभे असता."

"मी त्या वाक्याला प्रेक्षकांकडे बघतो."

कपडेपटातल्या बाई शेजारीच बटण टाकत होत्या. त्या मान न उचलता म्हणाल्या, "आत्ता कुठे कळलं होय तुम्हाला? मी तर पहिल्या महिन्यापासून फ्रॉकला लांब बाह्या लावतेय."

सगळ्यांना माहीत आहे. दिवेवाल्याला, पडदेवाल्याला, मोठ्या दोन मुलांना. एक मी सोडून. आणि माझा तर धंदाच बघण्याचा.

मग वाटलं, चित्र बाहेर लावावं, तिकीटखिडकीपाशी. येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावं. पण आधी मुंगीला बाजूला नेऊन दाखवलं. तिने खूप वेळ बघितलं.

"हात बरोबर काढलायस," म्हणाली.

"हे लोकांना दाखवू?"

तिने जोरात मान हलवली. "नको. सगळे मलाच बघतील. सरांना कुणीच नाही बघणार."

चित्र पिशवीत घातलं. बरोबर बोलली. पण मग मी करायचं काय? प्रयोग झाला, वाक्य आलं, थेंब पडला, नाकं शिंकरली. मी स्टुलावर बसून ऐकलं. जे सगळे करतात तेच मीही केलं. या लोकांची जितकी किळस येते, त्यात आज माझीही भर पडली.

रविवार, २३ फेब्रुवारी

जे झालं ते जसं झालं तसं लिहिते, कारण ठरवून काही केलेलं नाही.

विंगेत बसले होते. आजोबा अस्वलाला नदीपर्यंत घेऊन आले होते. आता झाड, मग टेकडी, मग ते वाक्य. मुंगीने डोळे मिटायला सुरुवात केली होती. वाक्य अजून लांब होतं आणि ती आत्तापासून दात आवळत होती. ते मी विंगेतून बघितलं, आणि उठले. पायांत घरातल्या सपाता, अंगावर रंगाचे डाग पडलेला झगा, कानावर पेन्सिल. चालत रंगमंचावर गेले. उजेड एवढा की समोर काळोखाशिवाय काही दिसेना. पलंगापाशी गेले, दुलई उचलली आणि मुंगी आणि आजोबा यांच्या मध्ये बसले. पांघरूण पायांवर ओढून घेतलं.

मग तो माणूस, काय म्हणावं त्याला, हसला आणि म्हणाला, "बघा बरं पोरांनो, शेजारच्या काकूसुद्धा आल्या गोष्ट ऐकायला!" लोक हसले. टाळ्या पडल्या. मोठा नट आहे, खोटं कशाला बोला.

गोष्ट पुढे चालू झाली. झाड आलं. टेकडी आली. त्याचा चेहरा प्रेमाने नुसता ओथंबलेला, उजवा हात चंद्राकडे. "आणि सावली म्हणाली…" आणि दुलईच्या आत त्याचा डावा हात आला. सवयीने. मी मध्ये आहे हे त्या हाताला कुणी सांगितलंच नव्हतं. दोन बोटांत माझं कातडं धरून त्याने पीळ दिला.

"आई गं!" मी ओरडले. लोक पुन्हा हसले.

एवढं दुखतं, हे मला माहीत नव्हतं. बघून कळलं नव्हतं, बाही वर करूनही कळलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, टचकन, न बोलावता. मी त्याचं मनगट धरलं. घामट, गरम, भिजवलेल्या कणकेसारखं. दुलईतून बाहेर ओढलं आणि सगळ्यांना दिसेल असं वर ठेवलं.

"हात वर ठेवा," मी म्हणाले.

मी काही मोठ्याने बोलले नाही. पण ते रंगमंच बांधलेच अशा तऱ्हेने असतात की शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जावं. हसणं थांबलं. एक-दोघं हसत राहिले, मग तेही थांबले. दुलईवर तो पांढरा, लठ्ठ हात. मुंगी त्या हाताकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत काही नव्हतं, कोरडे ठणठणीत. आणि त्या एवढ्या मोठ्या नटाला पुढचं वाक्य आठवेना. पडदा पडला.

आत जो गोंधळ झाला तो झाला. दिग्दर्शक गोळी थुंकून किंचाळत होता. ताईने माझा खांदा धरून मला गदागदा हलवलं. "वाटोळं केलंस माझ्या पोरीचं!" सर आरशासमोर बसून ओल्या कापसाने दाढी काढत होते. आरशातूनच मला म्हणाले, "बाई, कला अशीच येते. मला माझ्या गुरुजींनी छडीने घडवलं." आणि पायजमा वर करून नडगीवरचा एक जुना पांढरा वण दाखवला. कौतुकाने. दागिना दाखवावा तसा.

त्याची कीव यायला हवी होती. नाही आली.

सोमवार, २४ फेब्रुवारी

त्याचं मनगट धरलेला हात सारखा धुतेय. साबण संपला.

रविवार, २ मार्च

आठवडाभर ताईचा फोन नाही. मी केला तर उचलत नाही.

आज प्रकाशकांचा आला. झाल्या प्रकाराबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही, चित्र कधी देता एवढंच विचारलं. मी गेल्या आठवड्यात नवीन केलं होतं, त्याचा फोटो पाठवला. पलंगावर तीन मुलं, मधली गोष्ट सांगतेय, उरलेली दोघं तिला अडवून काहीतरी भांडतायत. दुलई जमिनीवर पडलेली.

तासाभराने पुन्हा फोन. "यात आजोबा कुठे आहेत?"

"गेले."

"गेले म्हणजे?"

"मुलांना आपली आपण सांगता येते गोष्ट. आजोबांना बोलवायची गरज पडली नाही."

ते दुसऱ्या चित्रकाराकडे जाणार आहेत. जाऊ देत. गुबगुबीत गाल काढणारे पुष्कळ आहेत, त्यांत मीही होते.

मग जाता जाता म्हणाले, "बाकी प्रयोग बंद पडणार नाहीत हं. नवीन मुलगी मिळालीय. सहा वर्षांची आहे. सर स्वतः तयारी करून घेतायत."

मला वाटलं होतं, मी काहीतरी संपवलं. मी फक्त मुंगीला तिथून उठवलं, तर त्यांनी त्या जागी दुसरी बसवली. इतकं सोपं.

शनिवार, ८ मार्च

नवीन मुलीचा आज पहिला प्रयोग होता. दुपारी लवकर निघाले. ठरवलं होतं, तिच्या आईला दारातच गाठायचं. मुंगीचा चेहरा येऊ नये म्हणून दुलई नसलेल्या त्या पहिल्या चित्रातल्या मुलीचं तोंड धुऊन टाकलं होतं; डाग राहिला, चेहरा गेला. ते पिशवीत होतं. रस्ताभर काय बोलायचं याची घोकंपट्टी करत होते. "माफ करा, तुम्ही मला ओळखत नाही." पुढचं वाक्य येईना.

मागच्या फाटकापाशी पोचले तर तिथे ताई.

माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहायला हवं. मनात आलं, ही मुंगीला परत घ्या म्हणून पाया पडायला आलीय. इतकी किळस आली की मी वळून जाणार होते. मग तिच्यासमोर उभी असलेली बाई दिसली, हाताशी धरलेली छोटीशी मुलगी, केसांना नवी कोरी फीत. ताई बोलत होती. नेहमीसारखे हातवारे नाहीत, आवाज नाही. बोलता बोलता तिने स्वतःचा पदर बाजूला केला आणि आपल्याच दंडावर बोट ठेवलं, आत, काखेच्या खाली. त्या बाईने तोंडावर हात नेला.

ती बाई आत गेली नाही. मुलीला घेऊन समोरच्या रस्त्याने चालू लागली. मुलगी मागे वळून फाटकाकडे बघत होती, तिला बहुधा जायचं होतं. अर्ध्या तासाने दिग्दर्शक बाहेर येऊन पाटी लावून गेला: काही अपरिहार्य कारणांमुळे आजचा प्रयोग रद्द. तिकिटं काढलेले लोक कुरकुरत होते.

ताईने मला बघितलं. जवळून गेली आणि थांब्यावर जाऊन उभी राहिली. बस आली. ती पुढे बसली, मी मुद्दाम मागे जाऊन बसले. तिच्याबद्दल जे वाटतंय ते काही एका दुपारीत जाणारं नाही. तिने रोज मलम लावलं होतं, म्हणजे रोज बघितलं होतं.

दोन थांब्यांनंतर ती उठून माझ्या शेजारी येऊन बसली.

"परवा मलम लावत होते तिला," ती म्हणाली. "ती म्हणाली, आई, आता रडू का?"

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"मी म्हटलं, कशाला? तर म्हणते, तू हात लावलास म्हणून." ताईचे डोळे कोरडे होते. ओठ मात्र वेडेवाकडे होत होते, आणि ते लपवायची तिला सवय नसावी. "मला तिला जवळ घेता येईना गं. कुठे धरू, तेच कळेना."

मी तिच्या हातावर हात ठेवला नाही. ठेवता आला असता.

थोड्या वेळाने तिने नाक पुसलं आणि तिचा नेहमीचा, सगळं ठरवून टाकणारा आवाज परत आला. "उद्या तिला तुझ्याकडे पाठवते. तू तिचं एक छान चित्र काढ. बरं वाटेल तिला."

"तिला विचार," मी म्हणाले.

"अगं, येईल ती. तुझ्याकडे यायला…"

"ताई. विचार आधी."

तिने फोन काढून घरी लावला. मुंगीनेच उचलला. बसच्या आवाजातही तिचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"मुंगे, उद्या मावशीकडे जातेस? चित्र काढेल ती तुझं."

पलीकडे काही वेळ नुसता टीव्हीचा आवाज.

"नको."

ताईने तोंड उघडलं. तो चेहरा मला पाठ आहे: आधी लाडीगोडी, मग शपथ, मग "आई ना मी तुझी?" सगळं तिच्या जिभेवर येऊन उभं राहिलेलं मला दिसलं. बस एका खड्ड्यातून गेली, आम्ही दोघी उडालो.

"बरं," ताई म्हणाली. "नको तर नको."